फोन आपला, कुलूप कुणाचं?

आपल्या हॉस्टेलमधल्या कुठल्याही रूमवर जा आणि टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडून बघा. तीन वस्तू हमखास सापडतील : मागच्या सेमिस्टरच्या झेरॉक्स, एका कानाने बहिरा झालेला इअरफोन आणि एक जुना स्मार्टफोन. फोन बिघडलेला नसतो बरं का! चार्जिंगला लावला की सुरू होतो, स्क्रीन चांगली असते, स्पीकर वाजतो. पण 'फार स्लो झाला', 'ॲप अपडेट होत नाहीत', 'कंपनीचा सपोर्ट संपला' अशी कारणं निघतात आणि त्याची रवानगी ड्रॉवरमध्ये होते. जुन्या साड्यांवर बोहारीण निदान स्टीलचा डबा तरी देते. या फोनवर चमचासुद्धा मिळत नाही.

तर आधी हा प्रश्न सोडवू : फोन जुना होतो म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं होतं?

बॅटरी झिजते हे खरं. प्रत्येक चार्जिंगबरोबर लिथियम-आयन सेलमधलं रसायन थोडं थोडं खर्ची पडतं आणि दोन-तीन वर्षांत ती पहिल्यासारखा दम धरत नाही. फ्लॅश मेमरीवर किती वेळा लिहिता येईल यालाही मर्यादा असते. पण प्रोसेसर? २०१४ साली २.५ गिगाहर्ट्झने धावणारा प्रोसेसर आजही तेवढाच धावतो, त्याला काही गुडघेदुखी होत नाही. जुनं होतं ते सॉफ्टवेअर. त्यातही नवीन इमोजी मिळत नाहीत हे दुःख लहान आहे, मोठं दुःख सुरक्षेचं आहे. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. नुसता एक बनावट एमएमएस आला तरी फोन परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता, मग तुम्ही तो उघडा किंवा न उघडा. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. 'सपोर्ट संपला' याचा खरा अर्थ असा की हे महिन्याचं पार्सल तुमच्या पत्त्यावर यायचं बंद झालं. चोरवाटा मात्र सापडतच राहतात.

यावरचा एक उपाय म्हणजे कंपनीने भरून दिलेलं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि त्या जागी दुसऱ्या कुणी बनवलेलं, अजून दुरुस्त होत असलेलं सॉफ्टवेअर बसवायचं. पोरांच्या भाषेत 'कस्टम रॉम मारणे'. इथे मायक्रोप्रोसेसर शिकवणारे सर ताबडतोब हात वर करतील की रॉम म्हणजे रीड ओन्ली मेमरी, त्यावर लिहिता कसं काय येईल? सर, तुमचं बरोबर आहे. शब्द चुकीचा आहे, पण रूढ झाला आहे. इथे रॉम म्हणजे फोनच्या सिस्टिम पार्टिशनमध्ये बसवायची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, एवढंच समजू या.

गेटवरचा वॉचमन

फोन सुरू होताना काय काय होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पॉवरचं बटण दाबल्यावर सर्वांत आधी प्रोसेसरच्या चिपमध्येच कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम चालतो. (हा मात्र खराखुरा रॉम!) तो बूटलोडरला उठवतो. बूटलोडर कर्नलला उठवतो. कर्नल म्हणजे गाभा म्हणा हवं तर, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला मराठी शब्द कुणी शिकवला नाही. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा असतो. तो मेमरी, स्क्रीन, कॅमेरा, मोडेम यांच्याशी बोलतो आणि मग त्याच्या डोक्यावर अँड्रॉइडचा तो सगळा पसारा उभा राहतो जो आपल्याला दिसतो.

यातला बूटलोडर म्हणजे हॉस्टेलच्या गेटवरचा वॉचमन. तो आत जाणाऱ्याचं आयकार्ड बघतो, म्हणजे पुढचं सॉफ्टवेअर कंपनीच्या डिजिटल सहीचं आहे की नाही ते तपासतो. सही जुळली नाही तर प्रवेश नाही. 'बूटलोडर अनलॉक करणे' म्हणजे या वॉचमनला सांगणं की आजपासून आयकार्ड नसलं तरी सोड. फोन तुम्ही पैसे मोजून विकत घेतलेला असतो, पण वॉचमनचा पगार कंपनी देते आणि तो ऐकतो तिचंच. या लेखातली सगळी भांडणं शेवटी याच गेटवर येऊन थांबतात.

वॉचमन कधी कधी झोपतोसुद्धा. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१, २२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भन्नाट चूक राहिली होती. कीबोर्डवर तुम्ही जे काही टाईप कराल ते पडद्याआड एका कमांड शेललाही जात होतं, आणि तेही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरच्या नावाने! कुणीतरी गप्पा मारता मारता 'रीबूट' हा इंग्रजी शब्द टाईप केला आणि फोन खरंच रीबूट झाला. गुगलने ही चूक लगेच, नोव्हेंबर २००८ मध्ये, दुरुस्त केली. पण तोवर लोकांना कळलं होतं की या दारातून आत जाऊन फोनमध्ये हवं ते करता येतं. मग काय, नवीन अपडेट आलेले लोक मुद्दाम जुन्या व्हर्जनवर परत जाऊ लागले. आपल्याच फोनच्या मालकीसाठी त्यातली चूक जपून ठेवायची! मला हा सगळा प्रकार फार मजेशीर वाटतो.

या जी१ वरच स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रॅमरने 'सायनोजेन' या टोपणनावाने आपलं सुधारलेलं रॉम लोकांना द्यायला सुरुवात केली. त्याचंच पुढे सायनोजेनमॉड झालं. सप्टेंबर २००९ मध्ये गुगलची कायदेशीर नोटीस त्याला आली. कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात अँड्रॉइडच्या खुलेपणाची हद्द दिसते. अँड्रॉइडचा मूळ सोर्सकोड खुला आहे, तो कुणीही घ्यावा आणि बदलावा. पण जीमेल, मॅप्स, यूट्यूब, ॲप्सचं मार्केट ही गुगलची स्वतःची बंद ॲप्स आहेत आणि ती वाटायचा हक्क फक्त परवाना घेतलेल्या कंपन्यांना आहे. तोडगा असा निघाला की रॉममध्ये गुगलची ॲप्स असणार नाहीत. म्हणूनच आजही लिनिएजसारखं रॉम टाकल्यावर 'गॅप्स' नावाचं पुडकं वेगळं टाकावं लागतं. नवख्यांना वाटतं हा उगाच वाढवलेला त्रास आहे. त्यामागे २००९ ची ती नोटीस आहे.

लायसन्सची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. लिनक्स कर्नल जीपीएल व्हर्जन २ या लायसन्सखाली येतो. त्याची अट अशी की बदल करून वाटलात तर बदललेला सोर्सकोडही द्यायला हवा. म्हणून फोन कंपन्यांना कर्नलचा कोड जाहीर करावा लागतो (काही जण वेळेवर करतात, काही जण लोक मागे लागल्यावर). कर्नलच्या वरचा अँड्रॉइडचा बराचसा भाग मात्र अपाची लायसन्सखाली आहे. तिथे बदल करून झाकून ठेवायला कंपनी मोकळी. त्याशिवाय कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम यांचे ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीकडून फक्त बायनरी रूपात येतात. यांना 'ब्लॉब' म्हणतात. ब्लॉबचा सोर्सकोड मिळत नाही, आतलं वाचता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. रॉम बनवणारे हे ब्लॉब कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधून काढून घेतात आणि नव्या अँड्रॉइडच्या गळी कसेबसे उतरवतात. 'रॉम मस्त आहे, फक्त कॅमेरा नीट चालत नाही' असं जे नेहमी ऐकू येतं त्याचं मूळ हे.

देवनागरीचे चौकोनी डबे

आपल्या मराठी विभागात हे लिहायलाच हवं. अँड्रॉइड २.२, २.३ च्या काळात बहुतेक फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसायचा. मराठी मेसेज आला की स्क्रीनवर चौकोनी डब्यांची माळ. देवनागरी फॉन्ट अँड्रॉइडमध्ये मुळातूनच आला तो ४.० मध्ये, २०११ साली. तोवर ज्यांनी फोन रूट केला होता ते सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये स्वतः देवनागरी फॉन्टची फाईल नेऊन ठेवायचे. त्यानेही अर्धंच काम व्हायचं. अक्षरं दिसायची, पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागेच पडून राहायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले असायचे, कारण अक्षरं जोडण्याचं काम नुसता फॉन्ट करत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन लागतं. तरीसुद्धा विचार करा : आपल्याच भाषेतला मेसेज वाचण्यासाठी फोनचं कुलूप तोडावं लागत होतं. रूटिंग म्हणजे फक्त गेम हॅक करण्याचा उद्योग असं ज्या स्टाफला वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण.

भारताचा आणखी एक संबंध जरा कोर्टकचेरीचा आहे. कॉन्डिक आणि मंडळींनी २०१३ मध्ये सायनोजेनची रीतसर कंपनी काढली. २०१४ मध्ये वनप्लस वन हा फोन कंपनीतूनच सायनोजेनचं सॉफ्टवेअर घेऊन बाहेर पडला. पण भारतात सायनोजेनने एकाधिकार दिला मायक्रोमॅक्सला, त्यांच्या 'यू' ब्रँडसाठी. वनप्लस वन भारतात २ डिसेंबर २०१४ ला आला आणि दोनच आठवड्यांत दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. ती बंदी त्याच महिन्यात उठली, पण वनप्लसने धडा घेऊन २०१५ मध्ये स्वतःचं ऑक्सिजनओएस काढलं. सायनोजेन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये महिनाअखेर सगळ्या सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथे खुल्या सोर्सकोडची ताकद दिसली. कंपनी बुडाली, सर्व्हर बंद झाले, नावसुद्धा हातातून गेलं. पण कोड सगळ्यांचा होता, तो उचलून त्याच डिसेंबरात लोकांनी लिनिएजओएस सुरू केलं आणि काम पुढे चालू राहिलं.

आणि शाओमी? तिचा प्रवास बरोबर उलटा. तिने फोन काढला ऑगस्ट २०११ मध्ये, पण त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०१० मध्ये, दुसऱ्यांच्या फोनवर टाकायचं कस्टम रॉम म्हणून एमआययूआय काढलं होतं. म्हणजे ज्या एमआययूआयला कंटाळून आपल्या विंगमधली अर्धी पोरं कस्टम रॉम शोधत असतात, ते स्वतःच एकेकाळी कस्टम रॉम होतं!

किती आयुष्य वाढतं?

आता आकड्यांत बोलू. वनप्लस वनचंच उदाहरण घ्या. त्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८०१ होता. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आलं तेव्हा याच चिपचा सोनी एक्स्पीरिया झेड३ चाचणीसाठी निवडला गेला होता. चाचणीच्या आवृत्त्या त्यावर चालल्याही. मग ऑगस्टमध्ये सोनीने जाहीर केलं की या फोनला अंतिम अपडेट मिळणार नाही. दोन वर्षांपूर्वीचा त्यांचा सर्वांत भारी फोन, चाचणीत चाललेला, आणि तरी नाही! चिपसाठी नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्हते आणि त्यांच्याशिवाय गुगलच्या प्रमाणपत्राची परीक्षा पास होत नव्हती. याच ८०१ चिपच्या वनप्लस वनवर लिनिएजने अँड्रॉइड ७ चालवलं, मग ८, ९, १० आणि ११ सुद्धा. कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर ६.०.१ वर थांबलं होतं.

मग ११ वरच का थांबलं? याचं कारण परीक्षेत विचारण्याइतकं सुंदर आहे. नेटवर्कचं ट्रॅफिक मोजण्या-गाळण्यासाठी अँड्रॉइड आधी लिनक्समधलं आयपीटेबल्स वापरायचं. पुढे गुगलने ते काम ईबीपीएफ या कर्नलमधल्या नवीन यंत्रणेकडे दिलं आणि अँड्रॉइड १२ च्या वेळी जुनी वाट काढूनच टाकली. ईबीपीएफ जुन्या कर्नलमध्ये नाही. वनप्लस वनचा कर्नल ३.४, आणि त्याच्या ब्लॉबना दुसरा कर्नल चालत नाही. नवीन यंत्रणा इतक्या जुन्या कर्नलमध्ये आणून बसवणं म्हणजे चाळीच्या जिन्यात लिफ्ट बसवण्यासारखं. म्हणून २०२२ मध्ये लिनिएज १९ आलं तेव्हा असे खूप फोन एकदम यादीतून गळले. याउलट २०१८ च्या पोको एफ१ चा कर्नल ४.९. कंपनीने त्याला अँड्रॉइड १० वर सोडून दिलं, पण अँड्रॉइड १३ वर आधारलेलं लिनिएज २० त्याला अधिकृतपणे मिळालं. जुना फोन विकत घेताना रॅम किती हे सगळे विचारतात, कर्नल कितीचा हे कुणी विचारत नाही. विचारा!

गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणून चिपचे ड्रायव्हर आणि अँड्रॉइड यांच्यात स्पष्ट भिंत घातली. ड्रायव्हर एका वेगळ्या, 'व्हेंडर' नावाच्या पार्टिशनमध्ये गेले. त्यामुळे वरचा मजला बदलताना खालचा तोडावा लागत नाही. त्यानंतरच्या फोनवर कस्टम रॉम बनवणं पुष्कळ सोपं झालं. पण सोपं झालं म्हणजे सगळं मोकळं झालं असं नाही. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा गुगलने, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पिक्सेल फोनच्या जुळणीच्या ज्या फाईली कोडबरोबर यायच्या, त्या दिल्याच नाहीत. रॉम बनवणाऱ्यांसाठी हे जड गेलं, कारण पिक्सेल हा त्यांचा नमुना फोन होता.

प्रत्यक्ष कृती

आता प्रॅक्टिकल. जर्नलसारखं 'साहित्य, कृती, निष्कर्ष' लिहिणार नाही, कारण प्रत्येक फोनची कृती वेगळी असते आणि तुमच्या मॉडेलचं पान नीट वाचण्याला पर्याय नाही. मात्र प्रत्येक पायरीचं कारण सगळीकडे सारखंच असतं, तेच सांगते.

सगळ्यात आधी फोनचं खरं सांकेतिक नाव शोधा. दुकानातलं नाव फसवं असतं. एकाच नावाच्या फोनमध्ये कधी क्वालकॉमची चिप असते तर कधी मीडियाटेकची, आणि एकाचं रॉम दुसऱ्यात टाकलं तर फोन उठत नाही. पोको एफ१ चं सांकेतिक नाव 'बेरिलियम', वनप्लस वनचं 'बेकन'. मग बघा की कंपनी बूटलोडर उघडू देते का. पिक्सेलवर एका कमांडने काम होतं. शाओमीच्या अनेक मॉडेल्सना अर्ज करून १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडा, थांबावं लागायचं आणि पुढे नियम आणखी कडक झाले. हुआवेने तर २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. दार उघडतच नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पोरं यावर चिडतात, पण हे मुद्दाम आणि तुमच्या भल्यासाठी आहे. असं नसतं तर चोराने तुमचा फोन उचलून, वॉचमनला बाजूला करून, आपलं सॉफ्टवेअर घालून तुमचे फोटो काढून घेतले असते. तेव्हा बॅकअप आधी. व्हॉट्सॲपचा वेगळा घ्या. आणि ओटीपी बनवणारी ॲप्स वापरत असाल तर त्यांच्या किल्ल्या दुसऱ्या फोनवर नेऊन ठेवा, कारण हे हटकून विसरलं जातं.

पुढची पायरी रिकव्हरी. ही एक छोटी वेगळी सिस्टिम असते, मुख्य सिस्टिम बंद असताना तिची दुरुस्ती करणारी, ऑपरेशन थिएटरसारखी. कंपनीची रिकव्हरी फक्त कंपनीचीच फाईल घेते, म्हणून ती बदलायची. टीडब्ल्यूआरपी किंवा लिनिएजची स्वतःची, जी तुमच्या रॉमच्या सूचनेत असेल ती. मग त्यातून रॉम, आणि पहिल्यांदा सुरू करण्याच्या आधीच गॅप्स. आधी सुरू करून मग गॅप्स टाकलं तर परवानग्यांचा असा गोंधळ होतो की डेटा पुन्हा पुसावा लागतो.

डाऊनलोड केलेल्या फाईलचा एसएचए-२५६ हॅश जुळवून बघा. हॉस्टेलच्या वायफायवर दीड जीबीची फाईल अर्धवट उतरणं ही रोजची गोष्ट आहे, आणि अर्धवट फाईल फोनमध्ये ओतणं म्हणजे अर्धवट अभ्यासावर व्हायव्हाला बसणं. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. केबल चांगली हवी, मित्राची सेलोटेप लावलेली नको. आणि रॉमचा सोर्सकोड जाहीर नसेल, फक्त कुठल्या तरी शेअरिंग साइटवरची एक फाईल असेल, तर तिला हातसुद्धा लावू नका. संपूर्ण फोनची सत्ता तुम्ही एका अनोळखी माणसाला देत असता.

एवढं करूनही फोनची 'वीट' होऊ शकते. सॉफ्ट ब्रिक, म्हणजे लोगोवर अडकून बसणं, हा सर्दी-खोकला आहे. रिकव्हरी किंवा फास्टबूटमध्ये जाता येत असेल तोवर घाबरू नका. खरी वीट दोन कारणांनी होते. पहिलं, बूटलोडरचाच नाश. दुसरं, अँटी-रोलबॅक. फोनच्या आत एक आकडा असतो जो फक्त वाढतो, कमी होत नाही. त्यापेक्षा जुनं सॉफ्टवेअर टाकलं तर चिप सुरूच व्हायला नकार देते. जी१ वाल्यांनी जुन्या व्हर्जनवर जाऊन चोरवाट वापरली होती ना, ती वाट बंद करायला हे आलं. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या अनेकांना हा आकडा माहीत नव्हता. ते जुन्या व्हर्जनवर परतायला गेले आणि हातात वीट आली.

आणखी एक जागा जपायची ती म्हणजे मोडेमची आणि कॅलिब्रेशनची पार्टिशनं (ईएफएस, पर्सिस्ट वगैरे). रिकव्हरीत 'सगळं पुसा' अशी खूण करताना ही पुसली गेली की आयएमईआय जातो, आणि तो गेला की फोनला नेटवर्क नाही. शक्य असेल तर अनलॉक झाल्याबरोबर यांची प्रत काढून लॅपटॉपवर ठेवा. स्वतःची प्रत परत बसवणं ठीक, पण दुसऱ्या कुठला आयएमईआय लिहिण्याचं धाडस करू नका, २०१७ च्या नियमांपासून तो आपल्याकडे गुन्हा आहे.

कॉल लागतो का, पैसे जातात का?

रॉम टाकल्यावर स्क्रीन झकास दिसते म्हणून लगेच पार्टी मागू नका. भारतात पहिली चाचणी कॉलची. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं ते फक्त ४जी घेऊन. त्याखाली २जी-३जी चा आधार नाही, म्हणजे साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीई वरूनच जातो. आणि व्हीओएलटीई चालवणारा भाग हा पुन्हा त्या बंद ब्लॉबपैकीच. त्या काळात कितीतरी रॉमवर इंटरनेट सुसाट आणि फोन मात्र लागत नाही अशी अवस्था असायची. आजही रॉम निवडताना 'काय चालत नाही' ही यादी आधी वाचावी, वैशिष्ट्यांची नंतर.

दुसरी चाचणी पैशांची, आणि माझ्या मते आज कस्टम रॉमची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे. फोनच्या प्रोसेसरमध्ये एक सुरक्षित कोपरा असतो. तो सही करून सांगू शकतो की बूटलोडर बंद आहे की उघडा. ॲप गुगलच्या प्ले इंटिग्रिटीमार्फत ही चौकशी करतं आणि उत्तर आवडलं नाही तर चालायला नकार देतं. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स ही चौकशी किती कडक करायची ते आपापलं ठरवतात. त्यामुळे एखादं ॲप आज चालेल आणि पुढच्या अपडेटला बंद पडेल. मॅजिस्कसारख्या साधनांनी ही चौकशी चुकवण्याचे उद्योग बरेच झाले, पण सही थेट हार्डवेअरमधून मागितली की हे उद्योग फार काळ टिकत नाहीत. टपरीवर चार मित्रांसमोर चहाचे पैसे देताना हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. व्हिडिओच्या ॲप्सचंही तसंच. काही फोनवर अनलॉकनंतर वाइडव्हाइनची पातळी एल१ वरून एल३ वर घसरते आणि पिक्चर धुरकट दिसतो.

बँकेची काळजी मला कळते, पण यात एक गंमत आहे जी मला पटत नाही. पाच वर्षं एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला, पण कुलूप शाबूत असलेला फोन त्या चौकशीत अनेकदा पास होतो. ताज्या दुरुस्त्यांसह लिनिएज चालवणारा फोन नापास होतो. वॉचमन फक्त आयकार्ड बघतो. आत जाणाऱ्याला गोवर झालाय का ते बघत नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत : ज्या फोनवर यूपीआय, बँक आणि घरचे कॉल आहेत, त्यावर कंपनीचे अपडेट येत आहेत तोवर हात लावू नये. ड्रॉवरमधल्या फोनवर मात्र जरूर करा. बॅटरी आधी बदला, तिचा आजार रॉमने बरा होत नाही. गॅप्स न टाकता नुसतं लिनिएज आणि एफ-ड्रॉइडमधली खुली ॲप्स ठेवली तर जुना फोनही हलका चालतो. नोट्स वाचायला, गाणी ऐकायला, प्रोजेक्टमध्ये कॅमेरा म्हणून किंवा लिनक्सच्या कमांड शिकायला तो मस्त. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातली बूट प्रोसेस ज्यांना रटून लक्षात राहत नाही, त्यांनी एकदा लॉग चालू ठेवून हे करून बघावं.

कंटाळा आला आणि परत कंपनीच्या सॉफ्टवेअरवर जायचं असेल तर क्रम सांभाळा. आधी त्याच मॉडेलचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण, अँटी-रोलबॅकचा आकडा बघून. मग फोन व्यवस्थित सुरू झालेला डोळ्यांनी पाहायचा. आणि त्यानंतरच बूटलोडरला कुलूप. पिक्सेलसारख्या मोजक्या फोनमध्ये वॉचमनला नव्या सहीची ओळख करून देता येते, म्हणून तिथे ग्राफीनओएस टाकूनही कुलूप लावता येतं. बाकी बहुतेक फोनमध्ये कस्टम रॉम आत असताना कुलूप लावलं तर वॉचमन ते रॉम सुरूच होऊ देत नाही. पुन्हा अनलॉक करावं म्हटलं, तर त्याची परवानगी देणारं बटण सेटिंगमध्ये आत असतं, आणि सेटिंगपर्यंत पोचायला फोन आधी सुरू व्हावा लागतो.